जुना पाना वाचायचा कसा? मेकॅनिकची हत्यारं ओळखू पाहणाऱ्या नवख्यांसाठी

गोणपाटावर ओतलेला पान्यांचा ढीग पुण्याच्या बुधवार-रविवारच्या जुन्या बाजारात दिसतो, मुंबईच्या चोरबाजारात दिसतो आणि तालुक्याच्या गावी भंगाराच्या दुकानातही दिसतो. नवखं गिऱ्हाईक त्यातला एक उचलतं, अंगठ्याने गंज चोळतं आणि कंपनीचं नाव शोधू लागतं. माझं सांगणं असं की नाव जरा थांबू द्या, आधी आकडा वाचा. तो पाना कोणत्या मापपद्धतीतला, कोणत्या यंत्रासाठी केलेला आणि साधारण कुठल्या काळातला, हे आकड्यावरून बरंचसं कळतं. नाव झिजलेलं असतं, कधी कधी सरळ खोटं असतं. जबड्याचं माप खोटं पाडणं अवघड.

सोबत न्यायचं सामान थोडंच आहे: स्वस्तातला व्हर्निअर (सरकत्या जबड्याची बारीक मोजपट्टी), एक भिंग, टाकाऊ टूथब्रश, चिंधी आणि पांढरा खडू. झिजलेल्या अक्षरांवर खडू आडवा घासून बोटाने हलकेच पुसला की खोलगट भागात पांढरं राहतं आणि अक्षरं उमटतात. मोबाइलचा टॉर्च समोरून न मारता बाजूने तिरपा धरा, म्हणजे उठावाच्या अक्षरांची सावली पडते. वायर ब्रश मात्र घरीच ठेवा. पैसे देण्याआधी घासायला बसलात, तर तुमचा जीव त्या पान्यात अडकलाय हे विकणाऱ्याला कळतं आणि भाव वर जातो.

पहिली पायरी: प्रकार

दोन्ही टोकांना उघडा जबडा असलेला तो फिक्स पाना. बंद कड्याचा रिंग पाना. त्याच्या कड्याला आतून बहुधा बारा कोन असतात. एका टोकाला जबडा आणि दुसऱ्याला कडं असेल तर कॉम्बिनेशन. नळीसारखा, भोकात टॉमी घालून फिरवायचा तो बॉक्स पाना. रॅचेटवर, म्हणजे एकाच दिशेला पकडणाऱ्या दांड्यावर, बसते ती गोटी. मळसूत्र फिरवून जबडा मागेपुढे होतो तो स्क्रू पाना, आणि नळ-पाइपांना चावतो तो पाइप पाना. पक्कड, पेचकस, छिन्नी, पंच, कानस, हातोडी ही मंडळी घरातलीच आहेत.

फिक्स पाना टेबलावर आडवा ठेवून पाहा. जबडा दांड्याच्या सरळ रेषेत नसतो, साधारण १५ अंश कललेला असतो. इंजिनाच्या अडचणीच्या कोपऱ्यात पाना जेमतेम ३० अंश फिरतो. मग तो उलटा करून पुन्हा लावायचा. कल दुसऱ्या बाजूला जातो आणि षटकोनी नटाची पुढची बाजू पकडीत येते. जबडा अगदी सरळ असलेला जाडजूड पाना मिळाला, तर तो बहुधा मोकळ्या जागेतल्या मोठ्या यंत्रांचा असतो.

दुसरी पायरी: आकडा

इथे वेळ घालवा, कारण खरी गंमत इथेच आहे.

१०-११, १२-१३, १४-१५, १६-१७ असे पूर्णांक दिसले तर माप मिलिमीटरमधलं आहे. जबडा मोजा, तेवढाच भरेल. विषय संपला.

अपूर्णांक दिसला की सावध व्हा. आपल्याकडचे मिस्त्री सूतात बोलतात. इंचाचे आठ सूत. ‘तीन सूत’ म्हणजे ३/८ इंच. पण हे ३/८ कशाचं, बोल्टाच्या जाडीचं की पान्याच्या जबड्याचं? ब्रिटिश आणि अमेरिकी पद्धतींतला फरक या एका प्रश्नात आहे.

१८४१ मध्ये मँचेस्टरच्या जोसेफ व्हिटवर्थ यांनी स्क्रूच्या आट्यांसाठी एकसारखी पद्धत मांडली. आट्यांचा कोन ५५ अंश, आणि प्रत्येक जाडीच्या बोल्टाला इंचामागे किती आटे हे ठरलेलं. या पद्धतीच्या पान्यावर बोल्टाची जाडी लिहितात. म्हणून ३/८ आणि शेजारी ‘डब्ल्यू’ असं कोरलेला पाना व्हर्निअरने मोजला, तर जबडा सुमारे १८ मिलिमीटर भरतो. १/४ डब्ल्यू असेल तर साधारण १३.३, ५/१६ असेल तर १५.२, ७/१६ असेल तर २०.८ आणि १/२ असेल तर २३.४. हे पाच आकडे कागदावर लिहून खिशात ठेवा. ढिगातला बराचसा गुंता त्यांनीच सुटतो.

१९०८ मध्ये ब्रिटिशांनी बारीक आट्यांची दुसरी मालिका आणली, ती बीएसएफ. तिच्या बोल्टाचं डोकं एक माप लहान होतं. त्यामुळे एकाच जबड्यावर दोन आकडे दिसतात: १/४ डब्ल्यू आणि ५/१६ बीएसएफ. दुसऱ्या महायुद्धात धातू वाचवण्यासाठी व्हिटवर्थ बोल्टांची डोकीही एक माप उतरवली गेली. म्हणजे तीन सूत लिहिलेले दोन अस्सल ब्रिटिश पाने जबड्यात वेगवेगळे भरू शकतात. तुमचा व्हर्निअर बिघडलेला नाही.

अमेरिकी पान्यावर पुढे जबड्याचंच माप लिहू लागले. १९४८ मध्ये अमेरिका, ब्रिटन आणि कॅनडा यांनी आट्यांची समान पद्धत मान्य केली, आणि त्यानंतर ब्रिटिश कारखान्यांतूनही जबड्याच्या मापाचे पाने निघाले. त्यांच्यावर ‘ए एफ’ (अक्रॉस फ्लॅट्स, म्हणजे नटाच्या समोरासमोरच्या बाजूंमधलं अंतर) ही अक्षरं असतात. इथे ३/८ म्हणजे खरोखर ३/८ इंच, ९.५ मिलिमीटर. वरच्या १८ मिलिमीटरशी ताडून पाहा, म्हणजे आकडा एकच असून पाने किती वेगळे ते दिसेल.

छोट्या, नाजूक पान्यांवर ० ते १० मधला आकडा आणि ‘बी ए’ दिसलं, तर ते विजेच्या उपकरणांचं आणि मॅग्नेटोसारख्या (इंजिनात ठिणगी पाडणाऱ्या) भागांचं हत्यार. यात आकडा वाढतो तसा बोल्ट बारीक होतो.

आता हे आपल्या रस्त्यांना लावून पाहा. १९५५ पासून मद्रासला बनू लागलेली बुलेट ब्रिटिश घराण्यातली, तिच्या मिस्त्रीकडे व्हिटवर्थ-बीएसएफचे पाने असणारच. महिंद्रची जीप अमेरिकी, अँबॅसडर ब्रिटिश असली तरी १९४८ नंतरच्या पद्धतीची. दोघींना ‘ए एफ’ लागायचे. कुर्ल्याच्या कारखान्यातून निघालेली फियाट-पद्मिनी, म्हैसूरची जावा, बजाजची व्हेस्पा या सगळ्या मिलिमीटरवाल्या. १९७० च्या आसपासच्या गॅरेजमधली पेटी एका घरची निघाली तर तिच्यात तीन पद्धती सापडतात. मिस्त्री कोणत्या गाड्या करत होता, ते त्या पेटीतल्या आकड्यांच्या प्रमाणावरून चक्क काढता येतं. शेतातल्या लिस्टर पद्धतीच्या इंजिनांचे आणि गिरणगावातल्या लँकेशायरच्या यंत्रांचे मोठे एकतोंडी पाने व्हिटवर्थचेच. १९८२ च्या संपानंतर गिरण्या मोडीत निघाल्या, तसं त्यांचं सामान भंगारात आलं.

भारतात दशमान मापांचा कायदा १९५६ चा. म्हणून इंचातलं देशी हत्यार त्याआधीचंच असेल असं मात्र धरू नका. वर्कशॉपमध्ये इंच पुढेही अनेक वर्षं टिकला, आणि सूत तर आजही टिकून आहे.

तिसरी पायरी: शिक्के

आता नावाकडे वळू. पण नावाआधी देश पाहा. ‘वेस्ट जर्मनी’ लिहिलं असेल तर १९४९ ते १९९० मधलं. ‘ऑक्युपाइड जपान’ असेल तर युद्ध संपल्यापासून १९५२ पर्यंतच्या थोड्या वर्षांतलं. जर्मन हत्यारावर ‘डी आर जी एम’ ही चार अक्षरं असतील तर ते १८९१ नंतरचं आणि बहुधा दुसरं महायुद्ध संपण्याआधीचं.

अमेरिकी हत्यारावर पेटंटचा क्रमांक असेल तर नशीब समजा. दहा लाखावा क्रमांक १९११ मध्ये दिला गेला, वीस लाखावा १९३५ मध्ये आणि तीस लाखावा १९६१ मध्ये. क्रमांक कुठे बसतो ते पाहिलं की हत्यार कोणत्या वर्षाआधीचं नाही हे पक्कं होतं. त्यानंतर किती वर्षं ते बनत राहिलं, ही वेगळी गोष्ट.

तीन रेघांचा वर टोक असलेला बाण दिसला, तर ती ब्रिटिश सरकारी मालमत्तेची खूण. सोबत १९४२-४३ असं साल कोरलेलं असेल तर युद्धातलं सामान. ‘जी आय पी’ ही ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेची अक्षरं असतील तर हत्यार बहुधा १९५१ च्या आधीचं, कारण त्या वर्षी ती रेल्वे मध्य रेल्वेत विलीन झाली. अशा हत्यारावर मी कानस तर सोडाच, पॉलिश पेपरही लावू देणार नाही.

नावांचं थोडक्यात. बर्मिंगहॅमचा किंग डिक, त्याच्यावर बुलडॉग. शेफिल्डचे रेकॉर्ड वाइस (काम घट्ट पकडून ठेवणारा शिकंजा) आणि शिप्लीचे पार्किन्सन वाइस. मिळाले तर वजन बघून घाबरू नका, रिक्षा करा. मापनात शेफिल्डचे मूर अँड राइट आणि अमेरिकेचे स्टॅरेट. जर्मनीतून रेमशाइडचे हॅझेट आणि गेडोर, वुपरटालचे श्टालविले. गेडोर हे नाव मुळात डोविडाट बंधू आणि रेमशाइड गाव यांच्या आद्याक्षरांतून जुळवलेलं आहे. अमेरिकेतून स्नॅप-ऑन, विल्यम्स, बिलिंग्ज. स्नॅप-ऑन १९२० मध्ये सुरू झाली ती एका साध्या कल्पनेवर: दांडे पाच, गोट्या दहा, कोणतीही गोटी कोणत्याही दांड्यावर. आज आपल्याला यात विशेष वाटत नाही. त्याआधी प्रत्येक गोटीला स्वतःचा दांडा जोडलेला असायचा.

देशी हत्यारांना कमी लेखू नका. नाशिकच्या टपारियाने १९६९ पासून स्वीडिश सहकार्याने हत्यारं बनवायला घेतली. स्क्रू पान्याचं आजचं रूप स्वीडनच्याच योहान पेटर योहानसन यांनी १८९० च्या दशकाच्या सुरुवातीला घडवलं, बाहको या नावाने ते जगभर गेलं. जालंधर, लुधियाना आणि राजस्थानातलं नागौर ही देशातली हत्यारांची मोठी गावं. आयएसआय चिन्ह असलेला जाड, काळपट, साधा पाना दिसायला गरीब वाटतो, पण त्याचं पोलाद पुष्कळदा आजच्या चकचकीत सेटपेक्षा चिवट निघतं.

खोट्या मालाची एक खूण: नाव मोठ्या कंपनीसारखं पण एखादं अक्षर वेगळं, ‘क्रोम व्हॅनेडियम’ ठळक, आणि बनवणाऱ्याचा किंवा देशाचा पत्ताच नाही. क्रोम व्हॅनेडियम हे पोलादाचं नाव आहे, कंपनीचं नाही.

चौथी पायरी: घडण

घडीव आणि ओतीव यांत फरक करायला शिका. चांगला पाना तापलेल्या पोलादावर साच्याचा घण मारून घडवलेला असतो. मारताना जादा धातू कडेने बाहेर येतो, तो नंतर छाटून घासतात. म्हणून दांड्याच्या कडेला घासलेली, थोडी रुंद पट्टी दिसते. ओतीव वस्तूवर बारीक जोडरेघ आणि पृष्ठभागावर वाळूचा खरखरीतपणा असतो. पाना दोरीला लटकवून दुसऱ्या लोखंडाने हलका टोला द्या. घडीव पोलाद घंटेसारखं वाजतं. बीड किंवा तडा गेलेला तुकडा ठप्प आवाज करतो. वाइसचं धूड मात्र बिडाचं असणं नेहमीचंच आहे, तिथे जबड्याच्या पट्ट्या आणि मळसूत्र तपासा.

मुलाम्यावरूनही अंदाज येतो. १९२० च्या आधीची हत्यारं बहुधा काळी, नुसत्या लोखंडाची किंवा पिवळसर झाक असलेल्या निकेलची. निळसर चमक क्रोमची, आणि ती १९३० च्या दशकात पसरली. युद्धकाळात क्रोम आणि निकेल दुर्मीळ झाले, तेव्हा चांगल्या कंपन्यांचीही हत्यारं बिनमुलाम्याची निघाली. मंद राखाडी किंवा पिवळट मुलामा कॅडमियमचा असू शकतो. तो घासू नका, ग्राइंडरवर तर मुळीच नेऊ नका. त्याची धूळ विषारी असते.

आकारही साल सांगतो. चौफुली टोकाचा फिलिप्स पेचकस १९३० च्या दशकाच्या मध्याआधीचा असूच शकत नाही. कॅडिलॅक गाड्यांत १९३६ मध्ये ते स्क्रू आले आणि मग सगळीकडे पसरले. पाइप पान्याचा हललेला जबडा पाहून ‘सैल झालाय’ म्हणून तो टाकू नका. तो मुद्दाम सैल ठेवतात. जोर लावला की तो कलतो आणि पाइपात दात अधिक खोल रुततात. अमेरिकेच्या डॅनियल स्टिलसन यांची ही युक्ती १८७० च्या आसपासची आहे आणि आजही तशीच चालू आहे.

पाचवी पायरी: घ्यायचं की ठेवायचं

फिक्स पाना घेताना जबड्याच्या दोन्ही ओठांत व्हर्निअर टोकाला आणि मुळाशी लावून पाहा. टोकाला माप जास्त भरलं तर जबडा फाकलाय. वापरायला तो निकामी, नटाचे कोपरे खाईल. रिंग पान्याचे आतले कोन गोल झाले असतील तरी तेच. रॅचेट कानाशी धरून फिरवा, प्रत्येक दात सारखा वाजला पाहिजे. मायक्रोमीटर बंद करून शून्य जुळतं का पाहा; थोडं हुकलं असेल तर जुळवता येतं, पण मळसूत्र मध्येच जड होत असेल तर सोडून द्या.

छिन्नीचं डोकं ठोकून ठोकून छत्रीसारखं पसरलं असेल तर ते घासल्याशिवाय हातोडी मारू नका. त्या कडेच्या चिपा डोळ्यात उडतात. घासताना सारखी पाण्यात बुडवा. पोलाद निळं पडलं की त्याचं पाणी, म्हणजे कडकपणा, उतरला म्हणून समजा.

दांड्यावर पंचाने ठोकलेली आद्याक्षरं, कानशीचे दोन-तीन कट, रंगाचा पट्टा: या मिस्त्रींच्या मालकीच्या खुणा आहेत. सामायिक वर्कशॉपमध्ये पाना परत मिळण्याचा तोच एक मार्ग होता. पुष्कळ संग्राहक अशा पान्याला हिणकस मानतात, मला उलट वाटतं. तसंच वाकवलेल्या आणि पातळ घासलेल्या पान्यांचं. कार्ब्युरेटरमागचा, हात न पोचणारा एखादा नट असतो. मिस्त्री भट्टीत तापवून चांगल्या पान्याची मान मोडतो आणि तो नट काढतो. असा पाना कंपनीच्या कुठल्याच यादीत मिळत नाही. तो कोणत्या नटासाठी केला असेल याचा तर्क लढवण्यात एक संध्याकाळ सहज जाते.

सहावी पायरी: साफसफाई

आधी कोरडा ब्रश, मग रॉकेलमध्ये रात्रभर बुडवून ठेवणं, मग पितळी ब्रश. इतक्यात बहुतेक काम होतं. लाल, सुटा गंज काढायचा. खालचा घट्ट काळपट थर राहू द्यायचा, तो लोखंडाचं रक्षणही करतो. व्हिनेगरचं पाणी गंज झपाट्याने खातं, पण काही तासांत बाहेर काढा आणि खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने धुवा. कडक पोलाद किंवा स्प्रिंग जास्त वेळ आम्लात राहिली तर ठिसूळ होते. बॅटरी चार्जर आणि धुण्याचा सोडा वापरून गंज काढायची पद्धत तुम्हाला कुणीतरी सांगेलच. ती चालते, पण सुरुवातीला नको. ज्वालाग्राही वायू सुटतो, आणि दुसऱ्या टोकाला स्टेनलेस स्टील लावलं तर पाणी विषारी होतं.

बफिंग चाकावर चकाकी आणू नका. अक्षरांच्या कडा एकदा गेल्या की गेल्या. लाकडी मुठीला जवसाचं तेल, तेही पातळ हाताने. लोखंडाला मशीनचं तेल पुसून घ्या. कोकणात किंवा मुंबईत राहत असाल तर पावसाळ्याआधी व्हॅसलीनचा पातळ हात द्या, आणि हत्यारं चामड्याच्या किंवा वर्तमानपत्राच्या गुंडाळीत ठेवू नका, दोन्ही दमट हवेत ओल धरतात.

सुरुवात कुठून करायची? एकाच गोष्टीपासून: फक्त व्हिटवर्थचे फिक्स पाने, किंवा फक्त देशी पकडी, किंवा एका गाडीचं मूळ टूल-किट. सगळंच गोळा करायला गेलात तर वर्षभरात घरात दुसरं भंगाराचं दुकान उभं राहील आणि घरचे ते किलोवर विकतील. वही ठेवा. प्रत्येक हत्यारापुढे लिहिलेला आकडा, मोजलेला जबडा, शिक्के आणि ते कुठून आलं हे नोंदवा. शेवटची नोंद सगळ्यात आधी हरवते, म्हणून विकणाऱ्याला तिथल्या तिथे विचारा. ‘गिरणीतलं’, ‘एसटीच्या डेपोतलं’, ‘म्हाताऱ्या मिस्त्रीच्या घरचं’ असं काही तो बोलला, तर पिशवी बांधायच्या आधी त्याच्याच शब्दांत लिहून घ्या.